यवाबाच्या आरोपपत्रात उरीया कुठे आहे?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत बायबलमधल्या दावीद राजाचा सेनापती यवाब याच्यावर जो लेख आलाय तो वाचला, चांगला आहे, पण शेवटी लेखकाने 'यवाबाला त्याच्या कर्माचं फळ मिळालं' असं एका वाक्यात गुंडाळून टाकलंय ते काही पटेना, म्हणून लिहितोय. पत्र लांबलं तर कापा, फक्त उरीयाचा भाग तेवढा ठेवा.

आधी नातं, कारण लेखात ते आलंच नाही. यवाब हा सरुवेचा मुलगा आणि सरुवा दावीदची बहीण, म्हणजे राजा त्याचा मामा. (गंमत म्हणजे यवाब आणि त्याच्या दोन भावांच्या बापाचं नाव कुठे येतच नाही, कायम आईच्याच नावाने ओळख.) मामाच्या वशिल्याने पद मिळालं असं कुणी म्हणेल, पण बायबलच्या '१ इतिहास' या पुस्तकात सरळ लिहिलंय की यरुशलेम यबूसी लोकांच्या ताब्यात होतं तेव्हा दावीद म्हणाला जो पहिला चढाई करेल तो सेनापती, आणि यवाब पहिला वर गेला.

आता उरीया. दावीदने बथशेबेला राजवाड्यात बोलावून घेतलं, तिला दिवस गेले, आणि तिचा नवरा उरीया हित्ती तिकडे अम्मोनी लोकांच्या राब्बा शहराच्या वेढ्यात यवाबाबरोबर. राजाने त्याला बोलावून घरी पाठवायचा प्रयत्न केला, तर हा पठ्ठ्या राजवाड्याच्या दारात झोपला, म्हणे माझा सरदार यवाब आणि सगळी फौज उघड्यावर आहे आणि मी घरी जाऊन खाऊपिऊ? मग राजाने पत्र लिहिलं आणि ते उरीयाच्याच हातात दिलं. पत्रात काय, तर याला जिथे जोराची लढाई आहे तिथे पुढे ठेवा आणि मागे सरा म्हणजे हा मरेल.

यवाबाने ते वाचलं आणि एक प्रश्न विचारला नाही. फक्त प्लॅन जरा बदलला. सगळ्यांनी एकदम मागे सरायचं म्हणजे किती जणांना आधी सांगावं लागणार, बोभाटा होणार, असा हिशोब त्याने केला असावा असं मला वाटतं, म्हणून त्याने उरीयाला तटाच्या त्या बाजूला लावला जिथे शत्रूचे तगडे लोक होते. उरीया मेला, त्याच्याबरोबर आणखी काही सैनिक फुकट मेले, त्यांची तर नावंही कुणाला माहीत नाहीत.

आणि मग निरोप्याला दिलेली ती सूचना, माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात थंड डोक्याची गोष्ट. यवाब त्याला पढवतो की राजा भडकेल, म्हणेल तटाच्या एवढ्या जवळ गेलात कशाला, पूर्वी तेबेस शहराच्या लढाईत अबीमलेखाच्या डोक्यात बाईने वरून जात्याची तळी टाकली ते विसरलात का, तर असं झालं की तू एवढंच सांग, 'आपला सेवक उरीया हित्ती पण मेला'. निरोप्याला काय कळलं असेल कोण जाणे. राजाचा राग मात्र आलाच नाही, उलट यवाबाला निरोप की मनाला लावून घेऊ नकोस, तलवार आज याला खाते उद्या त्याला.

बरं नंतर राब्बा पडायला आलं तेव्हा याच यवाबाने मामाला बोलावणं धाडलं की तू ये आणि शहर घे, नाहीतर माझं नाव होईल. इतका धाडसी माणूस स्वतःचं नाव मागे ठेवतो, याला निष्ठा नाही तर काय म्हणायचं.

तो संत होता असं माझं म्हणणं अजिबात नाही. आधीचा राजा शौल याचा सेनापती अबनेर, त्याला हेब्रोनच्या वेशीत बाजूला घेऊन मारला, अबनेरने लढाईत मारलेल्या भाऊ असाएलचा सूड म्हणून. दावीदचा बंडखोर मुलगा अबशालोम, त्याला हात लावू नका असं राजाने सगळ्यांसमोर सांगितलेलं, तरी झाडाला लटकलेल्या त्या पोराच्या छातीत तीन भाले याने खुपसले. यवाबाच्या जागी सेनापती नेमलेल्या अमासाचं तर फारच वाईट, 'बरा आहेस ना भावा' म्हणत उजव्या हाताने मुका घ्यायला दाढी धरली आणि दुसऱ्या हातात तलवार. हे सगळं खरं. पण दावीदने लोकांची शिरगणती करायची ठरवली तेव्हा विरोध करणाराही हाच होता, आणि अबशालोमसाठी रडत बसलेल्या राजाला 'आम्ही सगळे मेलो असतो तर तुला चाललं असतं' असं तोंडावर सुनावणाराही हाच.

आता मरणाच्या दारात दावीद गादीवर बसलेला मुलगा शलमोन याला काय सांगतो ते बायबलच्या '१ राजे' पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बघा. यवाबाचे पिकले केस शांतपणे कबरेत जाऊ देऊ नकोस. कारणं दोन, अबनेर आणि अमासा. उरीयाचं नाव नाही! जो एक खून राजाच्या लेखी हुकमावरून झाला तोच यादीतून गायब, कारण ती फाईल उघडली तर पहिली सही कुणाची निघणार. अबशालोमचंही नाव नाही, ते का ते मला खरंच कळलेलं नाही. यवाब आधीच गादीवर हक्क सांगणाऱ्या अदोनीया या दावीदच्या दुसऱ्या मुलाच्या बाजूने गेला होता हे निमित्त झालं, तो परमेश्वराच्या तंबूत पळाला, वेदीची शिंगं धरून बसला, बाहेर ये म्हटलं तर म्हणाला इथेच मरेन, आणि शलमोनाच्या हुकमावरून बनायाने त्याला तिथेच मारला. सेनापतिपद बनायाला मिळालं.

दावीदच्या निवडक वीरांची यादी आहे ना, ३७ जणांची, त्यात यवाबाचे दोन्ही भाऊ आहेत, त्याची शस्त्रं वाहणारा पण आहे, यवाब स्वतः वीर म्हणून नाही. आणि यादीतलं शेवटचं नाव, उरीया हित्ती. लेखकाने निदान एवढं तरी द्यायला हवं होतं.

जाता जाता एक दुरुस्ती, लेखात अमासाला यवाबाचा मेहुणा म्हटलंय. मेहुणा नाही, मावसभाऊ. अबीगईल आणि सरुवा बहिणी.

आपला,
एक नियमित वाचक