होदेदाच्या नागरिकांसाठी मदतीचे आवाहन

माझगाव, कॉटन ग्रीन व शिवडी परिसरातील रहिवासी, निवृत्त गोदी कामगार आणि त्यांचे कुटुंबीय यांस सप्रेम नमस्कार.

येमेनच्या यादवीत लाल समुद्रावरील होदेदा हे बंदर वर्षानुवर्षे भरडले जात आहे. येमेनला लागणारे बहुतेक धान्य परदेशातून येते आणि देशाच्या आयातीचा सुमारे ७० टक्के भाग होदेदा व शेजारच्या सलीफ बंदरांत उतरत असे. त्यामुळे या शहरासाठी लढाई पेटली की दूर डोंगरातल्या खेड्यातही चूल विझते. ऑगस्ट २०१५ मधील हवाई हल्ल्यात येथील मोठ्या क्रेन निकामी झाल्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या चार फिरत्या क्रेन बंदरात पोहोचायला जानेवारी २०१८ उजाडले. गोदीत ज्यांनी पाळ्या भरल्या आहेत त्यांना याचा अर्थ सांगायला नको. क्रेन बंद पडली की जहाज खोळंबते आणि त्या खोळंब्याचा भुर्दंड शेवटी पिठाच्या भावात येतो.

जून २०१८ मध्ये सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिरातीच्या पाठबळाने हुथी बंडखोरांच्या ताब्यातील या शहरावर चढाई सुरू झाली. शहराच्या कडेला असलेल्या ‘रेड सी मिल्स’ या गिरणीत तेव्हा ५१,००० टन मदतीचा गहू होता, म्हणजे ३७ लाख लोकांना महिनाभर पुरेल इतका. सप्टेंबरात वाट बंद झाली ती फेब्रुवारी २०१९ मध्ये उघडली, तोवर गव्हाला कीड लागली होती. दोन्ही बाजूंतील डिसेंबर २०१८ च्या स्टॉकहोम युद्धबंदी कराराने शहरावरील चढाई थांबली, परंतु पेरलेले भूसुरुंग जमिनीतच राहिले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये चढाई करणारे सैन्य मागे सरल्यावर शेताकडे व घराकडे परतणारी माणसे त्यांवर पाय पडून जायबंदी होऊ लागली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२१ अखेरपर्यंत या युद्धाने ३,७७,००० बळी घेतले. त्यांतील सुमारे ६० टक्के उपासमार, रोगराई व उपचारांअभावी गेले.

‘इतक्या दूर मदत कशाला, आपल्याकडे गरजा कमी आहेत का?’ हा प्रश्न समितीच्या बैठकीतही निघाला आणि तो रास्तच आहे. मात्र एप्रिल २०१५ मध्ये ‘सुमित्रा’ या नौदलाच्या नौकेने याच होदेदामधून आपल्या माणसांना सुखरूप बाहेर काढले होते; तेथील रहिवाशांसाठी असे कोणतेही जहाज आले नाही. शिवाय १४ एप्रिल १९४४ चा व्हिक्टोरिया गोदीतील स्फोट ज्यांच्या घरात अजून सांगितला जातो, त्यांना बंदरालगतच्या वस्तीचे हाल परके वाटू नयेत.

समिती रोख रक्कम स्वीकारणार नाही. आमच्या नावाने कोणी पावतीपुस्तक घेऊन आल्यास पैसे देऊ नयेत. देणगी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या अधिकृत संकेतस्थळावर, येमेनमधील कार्यासाठी, थेट भरावी. जखमींवरील उपचार आणि कृत्रिम अवयव ही तेथील तिची प्रमुख कामे आहेत. अशा देणगीवर आयकरात ८०-जीची सवलत मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कार्डावरील परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, ते बँकेकडून सुरू करून घ्यावे लागतात. ज्येष्ठांना यात अडचण आल्यास आमचे कार्यकर्ते शेजारी बसून मदत करतील, मात्र पिन कोणालाही सांगू नये. रकमेचा आग्रह नाही, पण घरच्या आठवडाभराच्या वाणसामानाइतकी रक्कम प्रत्येक कुटुंबाने द्यावी अशी विनंती आहे.

या पत्रकावर उपाशी मुलांची छायाचित्रे आम्ही मुद्दाम छापलेली नाहीत.

आपली,
विभागीय नागरिक मदत समिती, मुंबई