कोणतं वाद्य घेऊ, असं विचारलंस म्हणून

सांगली,
रविवार, सकाळ

प्रिय बंड्या,

पन्नाशी उलटल्यावर वाद्य शिकावंसं वाटतंय, झकास! पण "पेटी घेऊ, बासरी घेऊ की सतार?" हे तू अशा थाटात विचारलंयस की जणू स्कूटर घ्यायची आहे. आणि खरा प्रश्न मात्र पत्राच्या शेवटी हळूच सरकवलास, तुला चाली सुचतात कुठून म्हणून. मी काही संगीतकार नव्हे लेका, भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस. तरी विचारलंस, तर आता ऐकून घे.

पेटी घेतलीस तर महिन्याभरात ओळखीचं भजन वाजवशील आणि घरचे कौतुक करतील. पट्टी दाबली, भाता हलवला की सूर हजर. गोम तिथंच आहे. सूर शोधावा लागत नाही, त्यामुळे चाल बांधायला बसलं की बोटं सवयीच्या वाटेनं चालू लागतात आणि चाल मुकाट त्यांच्या मागून जाते. माझ्या पेटीवर जन्मलेल्या चाली एकापाठोपाठ एक म्हणून बघ, सगळ्या सख्ख्या बहिणी. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पेटीत नाहीच. १९४० साली रेडिओनं पेटीला दार बंद केलं, तेव्हाच्या आक्षेपांत हा एक होता. ते दार पुन्हा किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. मला तो सगळा प्रकार अतिरेकी वाटतो. तुळशीदास बोरकरांसारख्या नामवंत पेटीवादकाची पेटी ऐकताना मींड नसल्याची आठवण तरी होते का? पण ते बोरकर, आणि त्यांचे गुरू पी. मधुकर. आपण कोण?

माझा कान खरा उघडला तो तानपुऱ्यानं. तू म्हणशील, तानपुरा काय वाजवायचा, चार तारा तर छेडायच्या. मलाही तसंच वाटायचं. मग मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक जुना, दुरुस्त केलेला तानपुरा मिळाला. ती गल्ली तू बघायलाच हवीस. पंढरपूरकडचे भोपळे दारात रचलेले, आत कुणीतरी घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासत बसलेला. हे लोक मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागिरानं तारेखाली सुताचा दोरा सरकवला, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि एका जागी तार एकदम बोलायला लागली. तारेच्या ह्या बोलण्यालाच जवारी म्हणतात.

घरी पहिली तार पंचमात, म्हणजे प मध्ये लावली, मधली जोड सा मध्ये, आणि शेवटची जाड तार खालच्या सा मध्ये, म्हणजे खर्जात. जरा वेळ छेडत बसलो तर कुणीच न लावलेला गंधार, म्हणजे ग, ऐकू येऊ लागला. स्वयंभू गंधार म्हणतात तो हा, खर्जाच्या तारेतून आपोआप निघणारा. मग पेटीचा गंधार दाबून बघितला, तर दोघांचं जमेना! पेटीचा चढा. तुला आकडे आवडतात म्हणून सांगतो. खर्ज १०० हर्ट्झचा धर. त्याच्या पाचपट, म्हणजे ५०० ला तारेतला गंधार. हल्लीच्या बहुतेक पेट्या सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावतात, त्यामुळे पेटीचा तोच गंधार येतो ५०४ च्या आसपास. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला चारेक हेलकावे ऐकू येतात. तारेतल्या गंधाराशी जुळवलेली, गंधार ट्यूनिंगची पेटी मिळते, पण मग तिचा सा एकच ठरलेला, दुसऱ्या सुरात सा धरून गाणारा आला की पंचाईत. त्या दिवसापासून मी चाल बांधताना पेटी बंद ठेवतो. तानपुरा लावायचा, गुणगुणायचं, आणि पेटी शेवटी, मंडळातल्यांना शिकवताना.

आता चालीचं. मोठ्या अभंगात चार चरण, अक्षरं सहा, सहा, सहा आणि चार. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं. भजनी ठेका आठ मात्रांचा. एका मात्रेला एक अक्षर टाकलंस, तर पहिल्या तीन चरणांत दोन-दोन मात्रा उरतात आणि शेवटच्यात चक्क चार. ह्या उरलेल्या जागेत मला चाल सापडते. शेवटचं अक्षर ताणायचं, की सोडून देऊन पखवाजाला जागा करून द्यायची, की आधीचंच अक्षर उशिरा उचलायचं? एवढ्यावर माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्यात. कोरा कागद घेऊन काहीतरी छान सुचू दे म्हणून बसलो, तर आजवर काही सुचलेलं नाही. आणि गंमत बघ, अक्षरं ठरलेली असल्यामुळे एका अभंगाची चाल त्याच मापाच्या दुसऱ्या अभंगाला बसते. वारकरी हे कायम करतात. म्हणून एक चाल नीट जमली तर फुकट जात नाही.

तू लगेच म्हणशील, गोविंदराव टेंबे पेटीवालेच होते, तरी १९११ साली 'मानापमान' ह्या संगीत नाटकाच्या चाली त्यांनीच दिल्या ना? दिल्या की. पण त्यांच्या डोक्यात गवई भास्करबुवा बखल्यांचं गाणं आणि पूरबच्या, म्हणजे बनारस-लखनौकडच्या, ठुमऱ्या-दादरे भरलेले होते. पेटी फक्त हाताखाली होती.

तर तू बासरी घे. स्वस्त आहे, आणि काही तयार देत नाही. आधी नुसती हवाच फुसफुसेल, वहिनी वैतागतील, वैतागू देत. वरची तीन भोकं झाकली की सा, दोन झाकली की रे, एक झाकलं की ग. इथवर सोपं. शुद्ध मध्यमाला मात्र वरचं भोक अर्धं झाकायचं, आणि अर्धं म्हणजे नेमकं किती ते कानालाच ठरवावं लागतं. तुझा कान बरा आहे. कॉलेजात माझी सतार बेसूर लागलीय हे माझ्याआधी तुलाच कळायचं, आणि तू ते चारचौघांत सांगायचास.

ऑनलाइन मागवू नकोस. दिवाळीत येशील तेव्हा मिरजेत जाऊन फुंकून बघू. मंडळाचा पखवाजी येईल बरोबर, त्याला भाव करता येतो. तोवर मोबाइलवरचा तानपुरा लावून रोज थोडा वेळ नुसता सा लाव. शेजाऱ्यांनी तक्रार केली तर कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना