इंग्रजी उच्चारांच्या क्लासने आधी काय शिकवावं?

संपादक महोदय,

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात ‘अमेरिकन ॲक्सेंट’ शिकवण्याच्या जाहिराती दिसतात. फी भरणाऱ्या मुलांना समोरच्याला समजेल असं इंग्रजी हवं असतं. हाती मात्र ‘वॉटर’चं ‘वॉडर’ आणि शब्दाशब्दात वळवलेला ‘र’ येतो. कॅनडातले संशोधक मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्येच दाखवून दिलं, की परका हेल असणं आणि बोलणं न समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ठळक हेल असलेलं बोलणंही शब्दन् शब्द कळू शकतं. तेव्हा मराठी माणसाचं इंग्रजी नेमकं जिथे अडतं, तिथेच मेहनत घ्यायला हवी.

सगळ्यात मोठा घोटाळा जोराचा. मराठी बोलताना आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ देतो. इंग्रजी शब्दात एक अक्षर लांब आणि ठसठशीत असतं. बाकीची आखूड, त्यांतले स्वर पुसट ‘अ’कडे झुकलेले. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, पण ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर: फ-टॉ-ग्र-फर. आपण ‘डेव्हलप’ म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर देतो आणि परदेशी माणूस अडखळतो, कारण त्याच्या कानाला ‘डि-व्हे-लप’ची सवय. शब्दकोशात जोराच्या अक्षराआधी वर छोटी उभी रेघ असते, ती बघायची सवय लावावी. सरावाला एक रबर बँड पुरतो: दोन अंगठ्यांत धरून जोराच्या अक्षरावर ताणायचा, पुढे लगेच सैल सोडायचा. पुष्कळ जण जोर म्हणजे मोठा आवाज समजून ओरडतात. आधी ते अक्षर लांबवायला शिकवावं.

दुसरी अडचण शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांची, आणि ती कोणी सांगतच नाही. ‘कोट’ म्हणताना आपला क कोरडा, म्हणजे श्वासाच्या झोताशिवाय असतो. इंग्रजी कानाला तो ‘गोट’, म्हणजे बकरी, वाटू शकतो. पातळ कागदाची पट्टी ओठांपासून चार बोटं अंतरावर धरावी. ‘पेन’ला ती हलली पाहिजे, ‘स्पेन’ला जवळजवळ नाही, कारण स नंतरच्या प ला हा श्वास सुटत नाही. आपल्याकडे ख आणि ठ आहेतच. श्वास त्यांच्यापेक्षा थोडा हलका सोडला की काम होतं. प साठी मात्र ‘फ’चा आधार घेऊ नये. आता बरेच जण फ दात लावून म्हणतात, मग ‘पेन’चं ‘फेन’ होतं.

नाशिकला व ची जोडी टाळून चालणारच नाही. द्राक्षाचा वेल ‘व्हाइन’ आणि द्राक्षाची ‘वाइन’. वाइनरीत पाहुण्यांना माहिती देणाऱ्याला हे दोन्ही शब्द पाठोपाठ लागतात. वेलासाठी वरचे दात खालच्या ओठाला अलगद टेकवून घशातून आवाज चालू ठेवायचा. वाइनसाठी ओठांचा चंबू, दात कुठेही लावायचे नाहीत. देवनागरीत आपण ‘व्ह’ लिहितो म्हणून त्यात ह चा श्वास मिसळतो, तो तिथे नको. दात लावायला नुकताच शिकलेला विद्यार्थी मग प्रत्येक व ला दात लावतो आणि ‘वी वेंट’ही बिघडवतो. म्हणून हे दोन उच्चार एकाआड एकच घोटावेत.

‘शिप’ आणि ‘शीप’मध्येही हाच पेच. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिताना पाळतो, बोलताना फारसं नाही. नुसतं लांबवून भागत नाही: ‘शिप’चा स्वर सैल, किंचित ए कडे झुकलेला, ‘शीप’ला ओठ ताणलेले.

आकड्यांत तर पैशांचाच प्रश्न येतो. द्राक्ष निर्यातदाराने रॉटरडॅमच्या खरेदीदाराला ‘फिफ्टीन’ पॅलेट सांगाव्यात आणि पलीकडे ‘फिफ्टी’ लिहिलं जावं, हे सहज घडू शकतं. ‘फिफ्टीन’चा जोर शेवटी असतो असं शिकवतात, पण नंतर ‘बॉक्सेस’सारखा शब्द आला की तो पहिल्या अक्षरावर सरकतो. त्यामुळे शेवटचा ‘न’ नीट वाजवावा आणि वर ‘वन, फाइव्ह’ असं सुटं सांगावं.

भूतकाळाच्या ‘-ed’चंही तसंच: ‘वर्केड’ नव्हे, ‘वर्क्ट’. ‘इड’ फक्त ट किंवा ड च्या आवाजाने संपणाऱ्या क्रियापदांना, जसं ‘वॉन्टिड’. ‘थिंक’मधला आपला थ सहसा समजतो, त्यावर आठवडे घालवणं मला चूक वाटतं.

सराव कानापासून सुरू व्हावा. दुसऱ्याने जोडीतला एक शब्द वाचायचा, शिकणाऱ्याने कोणता ते लिहायचं. दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत तोंडी सराव नको. जो फरक ऐकू येत नाही, तो बोलून टिकत नाही. नंतर रोज पंधरा मिनिटं, एका वेळी एकच उच्चार, फोनवर रेकॉर्ड करून. वेग वाढवण्याचा मोह टाळावा. वाक्यात कुठे थांबायचं ते आधी पेन्सिलीने आखून घ्यावं.

फी भरण्याआधी क्लासला विचारावं: पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग ठेवता का? शेवटी ते आणि नवं रेकॉर्डिंग, दोन्ही अनोळखी माणसाला ऐकवून, त्याने काय लिहिलं ते दाखवता का?

राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. शिक्षकांनी फळ्यावर नवा शब्द लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ ओढली आणि वर्गाकडून तो तसा म्हणवून घेतला, तर त्याला ना यंत्र लागतं ना वेगळा तास.

– इंग्रजी उच्चारांचे एक प्रशिक्षक, नाशिक