बंदर आहे, पण भरती-ओहोटी कुठाय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जपानसारख्या एका काल्पनिक देशातल्या बंदराच्या शहराची गोष्ट क्रमशः येतेय, ती मी पहिल्या भागापासून वाचतोय. आमच्या बडोद्यात पेपर आता मोबाइलवरच वाचला जातो, तरी रविवारी सकाळी चहाआधी तेच उघडतो. गोष्ट मस्त चाललीय, राजकन्या पण आवडली. तक्रार एकच आहे. शहर बंदराचं आहे असं लेखक दर चार ओळींनी सांगतात पण बंदर काही दिसत नाही हो. कंदील आहेत, तलवारी आहेत, चेरीची फुलं आहेत (आणि तीही बारा महिने, खऱ्या जपानात एका गावात जेमतेम आठवडा-दोन आठवडे टिकतात), पण हमाल नाही, वजनकाटा नाही, जकात नाही, गाळ नाही. जहाज वाटेल तेव्हा येतं आणि थेट धक्क्याला लागतं.

कोणी म्हणेल काल्पनिक आहे, सोडा की. अहो ड्रॅगन आला तरी माझी हरकत नाही, पण तो ज्या धक्क्यावर उतरतोय तिथे पाणी किती खोल आहे हे लेखकाला ठाऊक पाहिजे ना. मी बरीच वर्षं गुजरातच्या दहेज बंदरातल्या मालाची कागदपत्रं केली, म्हणजे कस्टममधून माल सोडवायचं क्लिअरिंगचं काम, त्यामुळे मला हे जरा जास्तच टोचतं असं समजा.

खंभातच्या आखातात पाणी काही ठिकाणी दहा मीटरच्या वर चढतं-उतरतं. म्हंजे तीन मजली घर बुडेल आणि सहा तासांनी पुन्हा कोरडं होईल. भावनगरला त्यासाठीच लॉकगेट आहे, आतलं पाणी अडवून ठेवायचं म्हणजे ओहोटीला जहाज तरंगतं राहतं. आणि गाळाचं विचारूच नका, आखात ओलांडणारी घोघा-दहेज फेरीबोट २०१७ ला केवढ्या थाटात सुरू झाली, २०१९ मध्ये पुरेशी खोली नाही म्हणून थांबली. खंभात तर एकेकाळचं केवढं मोठं बंदर, गाळानेच संपलं.

आता जपानचं बघा, एकाच देशात सगळं वेगवेगळं. कोरियाकडच्या किनाऱ्याला, जपानच्या समुद्रात, भरती-ओहोटीचा फरक वीतभर, पण दक्षिणेकडच्या क्यूशू बेटाच्या आरिआके आखातात तो सहा मीटरपर्यंत जातो. त्यामुळे लेखकांनी आधी ठरवावं की आपलं शहर कुठल्या बाजूला आहे, अर्धी गोष्ट तिथेच ठरते. मला विचाराल तर हिरोशिमाकडचं तोमोनोउरा नावाचं छोटं बंदर त्यांनी बघावं, फोटो ढीगभर मिळतात. जपानच्या मोठ्या बेटांच्या मधे जो सेतोचा आतला समुद्र आहे, त्यात पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून येणारी भरती तिथे जवळपास मध्यावर भेटते, मग शिडाची जहाजं भरतीबरोबर तिथपर्यंत यायची, थांबायची आणि पाणी फिरलं की ओहोटीबरोबर पुढे निघायची. थांबलेले खलाशी खाणार-पिणार, भांडणार, उधारी करणार, गावाचा धंदा त्यावरच. तिथे धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, त्यांना गांगी म्हणतात, पाणी कितीही वर-खाली असो, जी पायरी पाण्याला लागलीय तिथे माल उतरवायचा. १८५९ चा दगडी दीपस्तंभ अजून उभा आहे. राजकन्येला एकदा रात्री पाणी फिरायची वाट बघत त्या पायऱ्यांवर बसवा, सगळं प्रकरण आपोआप उभं राहील, पाठलाग करणारेही तिथेच अडकलेले असणार ना!

दुसरं म्हणजे परदेशी जहाजातून उतरून राजकन्या सरळ बाजारात जाते. कोण जाऊ देईल? नागासाकीला समुद्रात भराव घालून पंख्याच्या आकाराचं देजिमा बेट केलं, १६४१ पासून दोनशेच्या वर वर्षं डचांना तिथेच ठेवलं, परवानगीशिवाय पूल ओलांडायचा नाही. मध्ये दुभाषे, तेही पिढीजात, बापाचं काम मुलाकडे. मी लेखक असतो तर राजकन्या बाजूला ठेवून त्या दुभाष्यालाच हिरो केला असता. दोन्हीकडचं त्यालाच कळतं आणि दोन्हीकडचे त्याच्यावरच संशय घेतात.

वासाचंही तेच. पानापानावर फुलांचा दरवळ. अहो उत्तरेच्या होक्काइदो बेटाकडून ओसाकाला येणाऱ्या त्या कितामाएबुने नावाच्या जहाजांमध्ये वाळवलेली हेरिंग मासळी भरून यायची, कापसाच्या शेताला खत म्हणून! शिवाय ही जहाजं नुसती भाड्याने माल नेत नव्हती, जहाजाचा मालक स्वतःच एका बंदरात विकत घ्यायचा आणि पुढच्या बंदरात विकायचा, म्हणजे प्रत्येक बंदरात घासाघीस. अशा वखारीशेजारी राजकन्या कविता म्हणतेय तर निदान नाकाला पदर लावू दे. (किमोनोची बाही म्हणा.)

आणि राजवाडा पाण्याला अगदी लागून बांधलाय तो कृपया उचलून टेकडीवर न्या. १८५४ च्या त्सुनामीत जपानमधल्या हिरो नावाच्या गावातल्या हामागुची गोर्यो यांनी भाताच्या गंजी पेटवून लोकांना उंचावर यायची वाट दाखवली, नंतर पदरचे पैसे घालून बांध बांधला आणि त्या कामावर गावातल्याच लोकांना मजुरी दिली. असला माणूस गोष्टीत कुठे तरी पाहिजेच.

एक मागणी आमच्या बाजूने पण आहे. डच कंपनी जपानचं तांबं सुरतेला आणून विकायची, आणि हिंदुस्थानी कापड तिकडे जायचं. तेव्हा शहराच्या वखारीत एखादा गुजराती कापडाचा गठ्ठा दिसला तर खोटं वाटणार नाही, आणि आम्हा बडोदेकरांना बरं वाटेल.

ता.क. पाचव्या भागासोबत जो रंगीत नकाशा छापलाय त्यात नदीचा बाण समुद्राकडून डोंगराकडे आहे. भरतीचं पाणी नदीत घुसतंय असं दाखवायचं असेल तर उत्तम, पण मग खाली तसं लिहा, आणि चुकून झालं असेल तर चित्रकारांना तेवढं सांगा.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदे