पाणवठा बशीसारखाच हवा

संपादक महोदय,

तापमान 1 अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. मराठवाड्याच्या माळरानावर याचा परिणाम सरळ दिसतो. ओढ्यातले डोह लवकर आटतात, मग हरणे आणि कोल्हे पाण्यासाठी गावाकडे येतात. कुणी बिनकठड्याच्या विहिरीत पडते, कुणी रस्त्यावर चिरडले जाते.

नायगाव मयूर अभयारण्य असो की गौताळा, उन्हाळ्यात कृत्रिम पाणवठे लागणारच. पण उभ्या भिंतींचा सिमेंटचा हौद म्हणजे सापळा आहे. पाणी खाली गेले की पाडस आत उतरते आणि गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर येता येत नाही. अशी मरणे टाळता येतात, म्हणून जीव तुटतो. पाणवठा बशीसारखा करावा: व्यास 3 मीटर, मध्यभागी खोली 30 सेंटीमीटर, तळ खरबरीत. काठाशी अर्धे बुडालेले दगड ठेवले की त्यावर बसून मधमाश्याही पाणी पितात.

काठोकाठ भरलेल्या अशा पाणवठ्यातून सेंटीमीटरभर पाणी उडाले तरी 70 लिटर जातात. प्राण्यांनी प्यायलेले वेगळे. त्यामुळे मे महिन्यात आठवड्यातून एकदा टँकर पाठवून भागत नाही, दर तिसऱ्या दिवशी भरावे लागते. शेवाळ धरले की पाणी उपसून तळ काथ्याने घासावा. फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर अजिबात नको.

आणि ओढे वाहते होईपर्यंत हे भरणे थांबवू नये. वळवाची एक सर आली म्हणून टँकर बंद केले जातात, तिथेच घात होतो.

— काही वन्यजीव अभ्यासक, बीड