‘काम सुरू आहे’ म्हणजे कुठवर आले?

महोदय,

माझी मुलगी ज्या खासगी शाळेत शिकते, तिच्या ५ वर्षांच्या दीर्घकालीन आराखड्याचा प्रगती अहवाल नुकताच पालकांच्या हाती पडला. गुळगुळीत कागद, हसऱ्या मुलांचे फोटो आणि जवळजवळ प्रत्येक उद्दिष्टापुढे ‘काम सुरू आहे’ असा शेरा. नवी प्रयोगशाळा ठळक दिसते. इमारत फोटोत येते ना! पण अनुभवी शिक्षक टिकवणे हे आराखड्यातले पहिलेच कलम, त्यावर जेमतेम दीड ओळ. तिसरी ते सहावी या काळात मुलीचे गणिताचे शिक्षक ४ वेळा बदलले, ते कुठल्या रकान्यात बसवायचे? अनुदान न घेणारी शाळा मुख्यतः फी आणि देणग्यांवर चालते. तेव्हा सुरुवातीची स्थिती, आजची स्थिती, जबाबदारी कोणाची आणि मुदत काय, एवढे पालकांनी विचारले तर बिघडले कुठे? मुलांच्या प्रगतिपुस्तकात ‘अभ्यास सुरू आहे’ एवढ्यावर शाळा तरी भागवून घेते का?

एक मात्र कबूल करायला हवे. वाचनालयाच्या विस्ताराचे काम रखडले, हे अहवालात सरळ लिहिले आहे, कारणासकट. तेवढे पान मी दोनदा वाचले.

– एक पालक