राजारामपुरीतल्या दादांना, गिटसाठी थँक्यू (उशिरा का होईना)

दादा, नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण दोन ओळी वाचल्या की कळेलच. (बाकीच्यांसाठी: गिट म्हणजे फाईलींमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर.)

मागच्या पावसाळ्यात लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तुमच्या दारात आलेलो, आठवतंय? एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टची मराठी भाषांतराची फाईल दुरुस्त करून आयुष्यातली पहिली पुल रिक्वेस्ट (माझा बदल तुमच्यात घ्या अशी विनंती) टाकलेली, बदल मोजून दोन ओळींचा आणि दिसत होती अख्खी फाईल बदलल्यासारखी लाल-हिरवी. तिकडच्याने लिहिलं, तू नक्की काय बदललंयस तेच कळेना. मला वाटलं हे काय आपल्याला जमायचं नाही बाबा.

तुम्ही हसला नाहीत. कीबोर्डला पण हात लावला नाहीत, "तू टाईप कर, मी बघतो" म्हणून चहा घेऊन शेजारी बसलात (तेव्हा राग आलेला, खोटं कशाला बोलू). गिट डिफला (बदल दाखवणारी कमांड) डॅश डब्ल्यू लावायला (म्हणजे मोकळ्या जागांचे फरक सोडून दे) सांगितलंत आणि काय, दोनच ओळी राहिल्या! विंडोज ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ अशी दोन न दिसणारी कॅरॅक्टर लावतं, लिनक्सवाले नुसतं एलएफ, आणि माझ्या एडिटरने सेव्ह करताना सगळ्या ओळींची शेपटं बदलून ठेवलेली. मग ऑटोसीआरएलएफ ट्रू आणि रीनॉर्मलाईज करून शेपटं सारखी केली, कमिट अमेंडने आधीची नोंद (कमिट) सुधारली, त्याच ब्रँचवर (कामाच्या फांदीवर) फोर्स पुशने जुनीच्या जागी चढवली, की पुल रिक्वेस्ट आपोआप सुधारली. नाद खुळा.

पण खरं थँक्यू त्याच्या पुढचं आहे. मी गिट आणि गिटहब (गिटचं काम नेटवर ठेवायची वेबसाईट) एकच धरून चाललेलो, नेट गेलं की काम बंद. तुम्ही सांगितलंत की लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये लिनक्स कर्नलसाठी (लिनक्सचा गाभा) गिट लिहिलं, कारण कर्नलवाले वापरत होते त्या बिटकीपर नावाच्या तशाच सॉफ्टवेअरचं फुकट लायसन्स बंद झालं, म्हणून त्याने असं बनवलं की क्लोन (प्रत) केलं की सगळी हिस्ट्री आपल्याच मशीनवर येते, सर्व्हरवाचून अडत नाही. आणि नुसतं सांगून थांबला नाहीत, माळ्यावरचा जुना पीसी खाली काढलात, धूळ पुसलीत, लिनक्स टाकलंत, एसएसएच (दुसऱ्या मशीनवरनं जोडायची सोय) चालू केलंत आणि त्यावर माझ्याकडून बेअर रेपो (नुसती हिस्ट्री ठेवायची जागा) बनवून घेतलात. तो पीसी आता आमच्या टीव्हीखाली असतो. माझ्याकडे तीन रिमोट (काम पाठवायच्या-आणायच्या जागा) आहेत, ओरिजिन म्हणजे माझा फोर्क (प्रोजेक्टची माझी प्रत), अपस्ट्रीम म्हणजे मूळ प्रोजेक्ट, आणि तिसऱ्याचं नाव 'घर'.

पुढं पावसात आमच्या गल्लीतलं नेट चार दिवस गेलं तेव्हा मी निवांत कमिट करत होतो, रात्री घरच्या वायफायवरनं 'घर'ला पुश. नेट आल्यावर अपस्ट्रीम फेच (तिकडचे नवे बदल आणले), रीबेस (त्यांच्यावर माझे रचले), एक कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल एकाच जागी), तो पण माझाच मी सोडवला.

हां, आणि रात्री अकराला फोन केलेला, रीसेट हार्ड (मागच्या स्थितीला नेणारी कमांड) मारून दिवसभराचे कमिट उडवले म्हणून रडकुंडीला आलेलो, तर तुम्ही झोपेतच "रिफ्लॉग बघ" म्हणून फोन ठेवलात. रिफ्लॉगमध्ये गिट प्रत्येक पाऊल लिहून ठेवतं, सगळे कमिट तिथंच होते. त्या फोनबद्दल सॉरी पण धरा यातच.

वहिनींनी त्या दिवशी थालीपिठं घालून दिलेला डबा अजून आमच्याकडंच आहे. रिकामा पाठवायचा नाही म्हणून आई अडून बसलीय. रविवारी घेऊन येतो, लॅपटॉप आणणार नाही.